दुसरी खूण

साहेब : मला अजून कळत नाहीये, तुम्ही नक्की कशावर चिडला आहात. पास झालात ना तुम्ही?

क्रेनवाली : झाले. तेच सांगतेय मघापासून. ते पास रद्द करा.

साहेब : रद्द?

क्रेनवाली : हो. दोनदा देता येते ना तुमची परीक्षा? गेल्या महिन्यात मला एकतीस गुण पडले होते, ते खरे होते. हे परवाचे अठ्ठ्याऐंशी खोटे आहेत.

साहेब : म्हणजे कॉपी केलीत?

क्रेनवाली : कॉपी कशाची करणार? दिवा लागला की बटण दाबायचं, एवढीच तर तुमची परीक्षा. त्यात कॉपी कसली करतात?

साहेब : ताई, आधी बसा. अकरा वर्षं कंत्राटावर क्रेन चालवताय. अकरा वर्षांनी कायम ड्रायव्हरची एक जागा निघाली, ती तुम्हाला मिळतेय, सोमवारी पत्र हातात पडेल. आणि आज शनिवारी तुम्ही माझ्या टेबलावर हा जळका हातमोजा आणून आपटताय. पाणी मागवू?

क्रेनवाली : पाणी नको. हातमोजा बघा.

साहेब : बघितला.

क्रेनवाली : हातात घेऊन बघा. चावत नाही तो. आमच्या खलाशी काकांचा आहे. आज सकाळी दहा वाजता माझ्या क्रेनच्या हुकात लटकत होता.

साहेब : नुसता हातमोजा?

क्रेनवाली : नुसता. हात वेळेवर निघाला म्हणून नुसता.

साहेब : थांबा, थांबा. मला कोणी काही कळवलं नाही. खलाशी म्हणजे तेच ना, म्हातारे, खाली उभे राहून तुम्हाला खुणा करतात?

क्रेनवाली : खुणाही करतात आणि हुकही अडकवतात. सहा वर्षं झाली तुम्हाला या कारखान्यात. फाउंड्रीत किती वेळा आलात?

साहेब : येतो की. सुरक्षा सप्ताहाला येतो.

क्रेनवाली : फोटोपुरते. मी वरून बघते ना, धोक्याच्या पिवळ्या पट्ट्याच्या आत पाऊल पडत नाही तुमचं. मग नीट ऐका आता. भट्टीतून लोखंड लॅडलमध्ये पडतं. लॅडल म्हणजे बादलीच, पण तिच्यात दीड टन वितळलेलं लोखंड. तिला दोन कान. काका दोन्ही कानांत हुक अडकवतात आणि मला हात दाखवतात. ती पहिली खूण. ती झाली की मी काय करते?

साहेब : उचलता.

क्रेनवाली : नाही. इथेच घोडं पेंड खातंय. पहिल्या खुणेला मी काहीही करत नाही. हात लिव्हरवर ठेवून बसून राहते. पहिली खूण म्हणजे ‘तयार राहा’. मग काका दोन्ही हुक हाताने ओढून बघतात, नीट बसलेत का. आजूबाजूला कोणी रेंगाळतंय का बघतात. चार पावलं मागे जातात. आणि मग दुसरी खूण. दुसऱ्या खुणेला मी उचलते. अकरा वर्षांत एकदाही पहिलीला उचललं नाही. कोणी शिवी दिली तरी नाही, भट्टीवाला बोंबलला तरी नाही.

साहेब : हे नियमावलीत आहे का कुठे?

क्रेनवाली : नियमावलीत नाही. माझ्या हातात आहे. म्हणजे होतं.

साहेब : आणि आज सकाळी?

क्रेनवाली : आज सकाळी काकांनी पहिली खूण केली आणि माझा हात हलला. मी हलवला नाही, साहेब. हलला. काकांचा हात हुकावर होता. एक हुक बसला होता, दुसरा अर्धवट. लॅडल तिरकी उचलली गेली, लोखंड सांडलं. त्यांच्या पायापासून वीतभर अंतरावर. मी वरून बघत होते. ते लाल ओघळ आणि म्हाताऱ्याचे पाय. मला काहीच वाटलं नाही. मी फक्त विचार केला, दाबलं. पटकन दाबलं मी.

साहेब : बरं झालं, निभावलं.

क्रेनवाली : निभावलं काय? हात कोणी हलवला माझा? तुमच्या परीक्षेने हलवला.

साहेब : हे मात्र जरा जास्त होतंय. परीक्षा एका खोलीत, कॉम्प्युटरवर. तिचा आणि हुकाचा काय संबंध?

क्रेनवाली : आहे ना तुमच्या समोर कॉम्प्युटर? काढा माझा पहिला निकाल. एकतीसवाला.

साहेब : काढतो. हा. चाळीस दिवे. पडद्यावर राखाडी गोल, तो हिरवा झाला की बटण. तुम्ही... प्रत्येक वेळी उशीर. शेरा आहे, ‘उमेदवार संथ. प्रतिक्रियेत सुधारणा आवश्यक’.

क्रेनवाली : किती उशीर?

साहेब : दीड सेकंद. पुढचा, दीडच. एक पूर्णांक चार. दीड. दीड. ...चाळीसही सारखेच आहेत की.

क्रेनवाली : संथ माणूस चाळीस वेळा एकसारखा संथ असतो? कधी दोन सेकंद, कधी तीन, कधी डुलकी, असं नको का? मी थांबत होते. हिरवं झालं की आत कुठेतरी वाटायचं, आता परत दिसेल, मग दाबू. दुसरी खूण यायचीच नाही. मग नाइलाजाने दाबायचे. चुकीचे किती आहेत त्यात? हिरवं व्हायच्या आधी दाबलेले?

साहेब : शून्य.

क्रेनवाली : आता परवाचा काढा.

साहेब : परवाचा... वेग उत्तम. शेरा, ‘तत्पर, निर्णयक्षम’.

क्रेनवाली : शेरा राहू द्या. आधी दाबलेले किती?

साहेब : अकरा.

क्रेनवाली : चाळीसपैकी अकरा वेळा दिवा लागायच्या आधीच बटण दाबलं. आणि पास.

साहेब : त्याचे गुण कापतात, ताई. पण वेगाचे गुण जास्त धरलेत. ती मोजणी आम्ही ठरवत नाही. कंपनीकडून परीक्षा विकत घेतली, तिच्यासोबत पुस्तिका आली. कोणत्याही यंत्राच्या माणसाला लागू आहे, शिलाई मशीनपासून सगळ्यांना.

क्रेनवाली : शिलाई मशीनवाल्याच्या सुईखाली माणूस उभा असतो का?

साहेब : मी स्वतःही देऊन बघितली होती. मला चौऱ्याण्णव पडले.

क्रेनवाली : मग तुम्हीच चढा क्रेनवर. मी इथे पंख्याखाली बसते आणि शेरे लिहिते. हसू नका. मला खरंच राग आलाय, आणि तो माझा मलाच जास्त आलाय. कारण ती दुसरी परीक्षा काय मी झोपेत दिली? नऊ दिवस तयारी केली. पोरीने मोबाइलवर तसलाच एक खेळ शोधून दिला. ओट्यापाशी भाजी चिरता चिरता, जेवताना, आंघोळीला पाणी तापेपर्यंत, दाब, दाब, दाब. ती शेजारी उभी. ‘आई, विचार करू नकोस गं, दिसलं की दाब. तू विचार करतेस म्हणून हरतेस.’ पंधरा वर्षांची पोर, आईला कायमची नोकरी मिळावी म्हणून जीव टाकत होती. आणि मला ते जमलं. अकरा वर्षांचं थांबणं नऊ दिवसांत मोडलं. पाचव्या दिवशी पोरीने टाळ्या वाजवल्या.

साहेब : आता माझंही ऐकून घ्या. तुम्हाला परीक्षा नको वाटते. गेल्या वर्षी हीच खोली होती. जुन्या मॅनेजरच्या मेव्हण्याला भट्टीवर कायम केला म्हणून तुम्ही तीस जणांचा अर्ज घेऊन आलात. ‘वशिला बंद करा, परीक्षा घ्या.’ पहिली सही कोणाची होती?

क्रेनवाली : माझी.

साहेब : तुमची. तो अर्ज घेऊन मी वर भांडलो. या एका जागेसाठी माझ्याकडे सात चिठ्ठ्या आल्या, ताई. कोणाचा भाचा, कोणाचा साडू. सातही मी परत पाठवल्या. कशाच्या जोरावर? ‘परीक्षा आहे, परीक्षेत जे येईल ते.’ ही परीक्षा नसती ना, तर तुमचं नाव या यादीत सातव्या नंबरवरही नसतं. आणि आज तुम्ही मलाच फैलावर घेताय.

क्रेनवाली : मी परीक्षा मागितली होती. क्रेनवर बसवा, लॅडल उचलायला लावा, खाली काकांना उभं करा आणि विचारा त्यांना, हिच्याखाली उभे राहाल का? ही परीक्षा. मला वाटलं, परीक्षा म्हटलं की एवढं तरी कळेल माणसाला.

साहेब : अर्जात तसं लिहिलं नव्हतं.

क्रेनवाली : नव्हतं. माझं डोकं फिरलं होतं त्या मेव्हण्यामुळे. लिहिणाऱ्याने लिहिलं, मी सही ठोकली. चुकलं माझं. पण तुम्ही शिकलेले ना? खालच्या माणसाला न विचारता वरच्या माणसाची परीक्षा घ्यावी, हे तुम्हाला सुचलं तरी कसं?

साहेब : बरं. चूक कोणाची हे राहू द्या. पुढे काय, ते बोलू. आज कोणाला काही झालेलं नाही. सोमवारी पत्र घ्या, कायम व्हा. मग महिनाभर सांभाळून चालवा, जुनी सवय परत लागेल.

क्रेनवाली : त्या महिनाभरात खाली कोण उभं राहील?

साहेब : असं तिरकं नका बोलू.

क्रेनवाली : सरळच बोलतेय. आणि पत्रातली सहावी अट काय आहे? नमुना लावलाय तुम्ही बाहेर, वाचलाय मी. ‘दर सहा महिन्यांनी सदर चाचणी उत्तीर्ण होणे बंधनकारक.’ म्हणजे सहा महिन्यांनी परत मोबाइल घेऊन ओट्यापाशी. सवय लावायची, मोडायची, लावायची, मोडायची. माझा हात म्हणजे काय नळ आहे?

साहेब : मग काय करू मी? तुम्हीच सांगा.

क्रेनवाली : आज सकाळची नोंद करा. अपघात होता होता राहिला, म्हणून. तो तुमचा पिवळा फॉर्म असतो ना, तो काढा.

साहेब : तो फॉर्म भरला तर काय होतं, माहीत आहे?

क्रेनवाली : पत्र थांबतं.

साहेब : थांबत नाही, रद्द होतं. महिन्याभरात ज्याच्या नावावर नोंद आहे त्याला कायम करता येत नाही. जागा यादीतल्या पुढच्या माणसाला जाते. आणि जागा भरली की तुमचं कंत्राट मला वाढवता येणार नाही. पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला ते संपतंय. नीट ऐकलंत ना? कायम तर नाहीच, कंत्राटही नाही. अकरा वर्षांवर पाणी.

क्रेनवाली : ऐकलं.

साहेब : घरी विचारलंत कोणाला?

क्रेनवाली : घरी कोण आहे? पोर आहे आणि सासू आहे. सासूला ऐकू येत नाही आणि पोरीला मी काय सांगू, तू शिकवलंस ते पाण्यात घालून आले म्हणून? काढा फॉर्म, साहेब. माझा धीर सुटायच्या आत काढा.

(दार ढकलून खलाशी काका आत येतात. उकाड्यातही सदऱ्याची उजवी बाही बोटांपर्यंत ओढलेली.)

काका : साहेब, येऊ का म्हणून विचारणार होतो, पण आलोच. ही इथे असणार हे मला जिन्यातच कळलं. आवाज खालपर्यंत येतोय.

क्रेनवाली : काका, तुम्ही जा.

काका : जातो, बसायला कोण आलंय. साहेब, हिने तुम्हाला काय काय सांगितलं ते मला माहीत नाही, पण माझं ऐका. सकाळी चूक माझी झाली. मी खूण केली, आणि हात काढायला विसरलो. वय झालं.

क्रेनवाली : खूण कितवी होती?

काका : दुसरी.

क्रेनवाली : काका.

काका : दुसरीच होती गं. मी काय मोजता न येणारा माणूस आहे का? दोनपर्यंत येतं मला.

साहेब : म्हणजे यांनी वेळेवरच उचललं?

काका : अगदी वेळेवर. हिचा हात म्हणजे काय सांगू तुम्हाला, भरल्या ताटातलं पाणी सांडणार नाही. ती परीक्षा कसली घेता तुम्ही हिची? तिच्या पुस्तिकेत मागे जादा प्रश्न आहेत, कोणीतरी वाचून दाखवले मला. ‘मी कधी कधी एकटाच बोलतो, हो की नाही.’ आता वर केबिनमध्ये आठ तास माणूस कोणाशी बोलणार, कावळ्याशी?

क्रेनवाली : विनोद नको. साहेब, हे खोटं बोलतायत.

काका : बघा, मोठ्या माणसाशी बोलायची रीत.

क्रेनवाली : चाळीस वर्षं दोन खुणांवर लोकांचे जीव राखलेत तुम्ही. मला पहिल्या दिवशी काय सांगितलं होतं? ‘पोरी, खाली मी मेलो तरी चालेल, पण पहिल्या खुणेला हलायचं नाही.’ बाई क्रेनवर कशी चढेल म्हणून सगळे फिदीफिदी हसत होते, तेव्हा शिडीखाली तुम्ही उभे होतात. आणि आता त्याच खुणेबद्दल खोटं बोलताय? माझ्यासाठी?

काका : मग कोणासाठी बोलू? या साहेबांसाठी? अगं, अकल आहे का तुला? अकरा वर्षं दर अकरा महिन्यांनी कागद हातात घेऊन दारात उभी राहतेस, वाढवा म्हणून. तापात फणफणत असताना चढलीस, कारण रजा नाही. आज कुठे पत्र मिळतंय, तर निघाली शहाणी फॉर्म भरायला. मला काय झालंय? उभा आहे ना तुझ्यासमोर? दोन पाय आहेत, दोन हात आहेत. झालं.

क्रेनवाली : उजवी बाही वर करा.

काका : कशाला?

क्रेनवाली : वर करा म्हणते ना.

काका : थंडी वाजतेय मला.

साहेब : काका, या उकाड्यात? दाखवा हात.

काका : काही नाही हो. चटका आहे. घरी चुलीवरही बसतो.

साहेब : अरे देवा. हे... मनगटापासून कोपरापर्यंत आहे. आणि हे काय बांधलंय यावर?

काका : रुमाल आहे. स्वच्छ आहे. नवा आहे.

साहेब : प्रथमोपचाराच्या खोलीत का नाही गेलात? खालीच तर आहे, पन्नास पावलांवर.

क्रेनवाली : तिथे वही आहे म्हणून. तिथे गेले की नोंद होते, नोंद झाली की माझं पत्र जातं. सकाळी दहापासून हा माणूस भाजलेला हात बाहीत कोंबून फिरतोय, साहेब. डब्याच्या वेळी डाव्या हाताने जेवला. मी विचारलं तर म्हणे, आज डावखुरा झालोय. तेव्हा मला कळलं. तुमची तत्पर, निर्णयक्षम उमेदवार ती हीच.

काका : तुला कोणी सांगितलं होतं एवढं निरखून बघायला?

क्रेनवाली : तुम्हीच. अकरा वर्षं दुसरं काय करतेय मी, तुमच्या हाताकडेच बघतेय ना?

काका : पोरी, ऐक माझं. मी दोन महिन्यांचा सोबती आहे इथे. जून संपला की मी घरी. एक हात भाजला, भरून येईल. तुझं गेलेलं परत येणार नाही. मी हात जोडतो तुला.

क्रेनवाली : जोडू नका, दुखेल. काका, मला पण भीती वाटते. म्हणून तर बसले नाही मी, बसले तर उठायची नाही. पण परत लॅडल भरेल आणि तुम्ही खूण कराल, आणि मला माझ्या हाताचा भरवसा नसेल, तर वर चढून मी करू काय? तुम्ही माझ्यापायी मेलात तर ते पत्र मी कुठे लावू, भिंतीवर?

साहेब : मी एक सुचवू का? नोंद करतो, पण कारणात ‘हुकात बिघाड’ असं लिहितो. कोणाच्याच नावावर जाणार नाही. काकांना औषधपाणी मिळेल, तुम्हाला पत्र मिळेल.

काका : बघ. शिकलेला माणूस आहे.

क्रेनवाली : मग हुक बदलतील. नवा चकचकीत हुक येईल, आणि वर मीच असेन. नाही साहेब. तुम्ही भल्यासाठी म्हणताय, कळतंय मला. पण नको. लिहा. ‘ड्रायव्हरने पहिल्या खुणेला उचललं.’

साहेब : ...‘ड्रायव्हरने पहिल्या खुणेला उचललं.’ पुढे रकाना आहे, असे करण्याचे कारण.

क्रेनवाली : ‘भरतीच्या परीक्षेत पास व्हायचं होतं म्हणून.’

साहेब : हे असंच लिहू?

क्रेनवाली : असंच. एक अक्षर इकडे तिकडे करू नका. आणा, सही कुठे करायची? अर्जावर पहिली केली होती, ही शेवटची समजा.

काका : मी बाहेर उभा राहतो. मला बघवत नाही.

क्रेनवाली : थांबा काका. झालीय माझी सही. तुम्हाला साक्षीदार म्हणून करायची आहे. डाव्या हाताने करा, नाहीतरी डावखुरे झालाच आहात.

काका : कृतघ्न कार्टी आहेस तू.

क्रेनवाली : आहे. करा.

साहेब : ठीक आहे. काका, आता आधी खाली औषधाला जायचं, मी फोन करतो. आणि ताई, हे व्हायला नको होतं.

क्रेनवाली : व्हायला नको होतं ते अजून झालेलं नाही. आता माझ्या जागी कोण?

साहेब : दुसऱ्या नंबरचा उमेदवार. गोदामात गाडी चालवतो तो. क्रेनचं लायसन्स आहे त्याच्याकडे. पहिल्याच परीक्षेत सत्त्याऐंशी.

क्रेनवाली : मला माहीत आहे तो. वाईट नाही माणूस. कधी भरलेली लॅडल उचललीय त्याने?

साहेब : खोकी उचललीत.

क्रेनवाली : दिवा लागायच्या आधी किती वेळा दाबलं?

साहेब : ताई, दुसऱ्या उमेदवाराचा निकाल मला दाखवता येत नाही.

क्रेनवाली : दाखवू नका. नुसता आकडा सांगा. मी आल्यापासून स्वतःसाठी काही मागितलं नाही तुमच्याकडे, उलट नोकरी देऊन टाकली मी. एक आकडा सांगा.

साहेब : सतरा.

काका : सतरा.

क्रेनवाली : चाळीसातले सतरा. आणि सोमवारी तो वर. कोणाच्या सहीने?

साहेब : पत्र माझ्या सहीने निघतं. पण मला अधिकार नाही हो थांबवायचा. यादी वरून मंजूर झालीय. मी थांबवलं तर सातही चिठ्ठ्या परत येतील, म्हणतील, बघा, यांची परीक्षा फसली. मला महिनाभर द्या. मी वर लिहितो. हा फॉर्म जोडतो.

क्रेनवाली : लिहा. महिनाभर काय, वर्षभर लिहा. पण सोमवारी पहिली लॅडल उचलली जाणारच आहे. खाली कोण?

साहेब : काका तर आता रजेवर जातील.

काका : मला कशाला रजा? डाव्या हाताने खूण करता येते.

क्रेनवाली : काका नाही उभे राहणार. मी क्रेनची शिडी तोडून टाकीन, पण काकांना उभं राहू देणार नाही. ते माझ्याखाली उभे राहिले, कारण मला त्यांनी घडवलं होतं. त्या गोदामवाल्याला तुम्ही घडवलंत. तुम्ही म्हणता तो तयार आहे, खाली सही करून म्हणता. मग सोमवारी खाली तुम्ही उभे राहा.

साहेब : मी? माझं काय काम तिथे?

क्रेनवाली : काही नाही. हुक मी अडकवते, वीस तारखेपर्यंत अजून कामावर आहे मी. तुम्ही फक्त माझ्या शेजारी उभं राहायचं. पिवळ्या पट्ट्याच्या आत. मी पहिली खूण करीन आणि तुम्ही वर बघायचं, तो काय करतो ते.

साहेब : ताई, तुम्ही रागात बोलताय.

क्रेनवाली : हो. रागातच बोलतेय. येताय का? नसाल येत तर तसं सांगा. म्हणजे मला कळेल, तुमचा तुमच्या परीक्षेवर किती विश्वास आहे.

साहेब : किती वाजता असते पहिली लॅडल?

काका : साडेसातला. साहेब, एक सांगतो, रागावू नका. हे लेसवाले बूट घालून येऊ नका. बिनलेसचे घाला. पायावर पडलं तर झटक्यात काढता आले पाहिजेत.